थरथरत्या हातांचा अजिंठा

आपल्या घरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीने अलीकडे चहाचा कप अर्धाच भरून मागायला सुरुवात केली असेल, तर ते पथ्य आहे असे समजून स्वस्थ बसू नका. माझ्या वडिलांनी दोन वर्षे असा अर्धा कप मागितला, आणि पंचवीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवणारी त्यांची ही मुलगी, 'बाबांनी साखर कमी केली' म्हणून मनातल्या मनात त्यांचे कौतुक करीत राहिली. भरलेला कप त्यांच्या हातून हिंदकळतो, हे मला कळले ते सही जुळत नाही म्हणून बँकेतून परत आलेल्या चेकमुळे. त्या संध्याकाळी मी त्यांना दोन्ही हात समोर धरायला सांगितले. मांडीवर ठेवलेले असताना शांत असणारे ते हात हवेत धरताच थरथरू लागले.

हा कंपवात नव्हे, हे येथेच सांगून टाकते. कारण हात थरथरला की घराघरांत पहिली भीती त्याचीच वाटते. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, हात बहुधा विसावलेला असतानाच कापतो, हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जाते. बाबांचा कंप हात कामाला लागला की सुरू होतो. त्याला इंग्रजीत इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. तो पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो. माझ्या आजीचे हातही पोथीचे पान उलटताना असेच कापत. त्यावर चांगली औषधे आहेत. परंतु त्यांतले नेहमीचे, प्रोप्रॅनोलॉल, दम्याच्या रुग्णाला देता येत नाही, आणि बाबांना दमा आहे. तेव्हा थायरॉईडची तपासणी, चहा-कॉफीचे प्रमाण, इतर औषधांचा आढावा एवढे झाल्यावर माझ्या हाती फारसे काही उरले नाही.

बाबांच्या हाती मात्र काहीतरी उरले होते. आयुष्यभर ते माध्यमिक शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. शाळेच्या सहली घेऊन अजिंठ्याला किती वेळा गेले असतील याची गणती नाही. १९७४ साली एका सहकाऱ्याचा कॅमेरा मागून नेऊन त्यांनी पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीचे छायाचित्र घेतले होते. तिपाई नव्हती. अंधार असा की पडदा अर्धा सेकंद उघडा ठेवावा लागला. त्या चित्रात पद्मपाणीच्या हाती एकाऐवजी दोन कमळे आहेत आणि डोळे तर चार. ते चित्र अजून त्यांच्या वहीत आहे. 'माझा पद्मपाणी डोलतो,' असे ते हसून म्हणत. ऐंशी ओलांडल्यावर त्यांच्या मनाने घेतले की एक स्थिर चित्र आपल्या हाताने काढायचे. हात असे झाल्यावर!

मागील डिसेंबरात आम्ही जळगावला मुक्काम केला आणि सकाळी पहूरच्या रस्त्याने निघालो. अजिंठा सोमवारी बंद असतो, हे ज्येष्ठांना घेऊन जाताना आधी पाहावे. एवढा प्रवास करून फाटकावरून परतणे त्यांना मानवत नाही. फर्दापूरच्या तिठ्यावर आपले वाहन सोडावे लागते आणि शेवटचे चारेक किलोमीटर तेथील बसने जावे लागते. वाघोरा नदीने घोड्याच्या नालेच्या आकारात कापलेला तो कडा दिसू लागला की बसमधला गलबला आपोआप ओसरतो. पुढे पायऱ्या आहेत. गुडघे किंवा दम साथ देत नसतील तर डोली मिळते. चार जण खांद्यावर खुर्ची उचलून नेतात. बाबांनी डोलीवाल्यांना हात जोडले आणि मला म्हणाले, "मी काय देव आहे पालखीत बसायला?" अर्ध्या वाटेत त्यांना दम लागला. कठड्याशी थांबून त्यांनी फवाऱ्याचे दोन झोत घेतले आणि आम्ही तसेच वर गेलो. ही माझी चूक. ती पुढे सांगते.

पहिल्या लेण्यात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटे द्यावी लागतात. ज्येष्ठांच्या डोळ्यांना तर थोडी अधिकच. मोतीबिंदू असेल तर आणखी. पडण्याचा धोका नेमका याच वेळी असतो. दाराशी उभे राहा, हात धरून ठेवा, घाई करू नका. मग हळूहळू खांब दिसू लागतात, छत दिसू लागते आणि शेवटी मागच्या भिंतीवर, गाभाऱ्याकडे जाणाऱ्या दाराच्या डाव्या अंगाला, खाली झुकलेल्या नजरेचा तो बोधिसत्त्व दिसतो. हातात निळे कमळ, डोक्यावर मुकुट, आणि चेहऱ्यावर असे काही की मोठ्याने बोलावेसे वाटत नाही.

येथे फ्लॅश वापरायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. दीड हजार वर्षे टिकलेले रंग आपल्या हौसेपायी झिजवण्याचा आपल्याला अधिकार नाही. तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. म्हणजे सामान्य यात्रेकरूला मंद उजेड आणि स्वतःचे दोन हात, एवढेच साधन. ही अडचण जुनी आहे. १८४४ पासून पुढे कित्येक वर्षे येथे राहून मेजर रॉबर्ट गिल यांनी या चित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती रंगवल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. गिल यांनी येथे छायाचित्रेही काढली. त्या काळच्या काचांना इतका वेळ प्रकाश द्यावा लागे की कॅमेरा हातात धरून चित्र घेण्याची कल्पनाही कोणी केली नसती. पुढे १९९१ मध्ये बिनॉय बहल यांनी लेण्यांतील मंद प्रकाशावरच भिस्त ठेवून ही चित्रे टिपली आणि त्यांचे खरे रंग जगाने पाहिले. हे झाले व्रत घेतलेल्या माणसांचे. आपल्यासारख्यांची सोय अलीकडची: भिंगातच बसवलेला स्थिरक.

आपल्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर आयएस, व्हीआर, ओएसएस, व्हीसी अशी काही अक्षरे असतील. कंपन्या वेगळ्या म्हणून नावे वेगळी, काम एकच. लेन्सच्या आत हालचाल ओळखणारे दोन सूक्ष्म संवेदक असतात. एक कॅमेऱ्याचे वर-खाली डुलणे मोजतो, दुसरा डावे-उजवे. त्यांच्या सांगण्यावरून विद्युतचुंबक आतले एक तरंगते भिंग हाताच्या हालचालीची बरोबर भरपाई होईल असे सरकवतात, त्यामुळे हात हलला तरी प्रतिमा जागच्या जागी राहते. काही कॅमेऱ्यांत भिंगाऐवजी प्रतिमा टिपणारी पट्टीच सरकते. अदलाबदलीच्या लेन्समध्ये ही युक्ती कॅननने १९९५ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली. आता ती अनेक मोबाईलमध्येही असते, आणि म्हणूनच मोबाईल दुचाकीच्या हँडलला अडकवून हिंडू नये. इंजिनाच्या सततच्या थरथरीने ती नाजूक यंत्रणा बिघडू शकते. कॅमेरा बंद करताना लेन्समधून बारीक 'कट्ट' आवाज आला तर घाबरू नका. ते तरंगते भिंग विसावले, एवढाच त्याचा अर्थ.

मला या यंत्राचे नवल वाटले नाही, कारण याहून सरस यंत्र आपणा सर्वांच्या कानात आहे. आता हे पाक्षिक हातात आहे तर एक गंमत करून पाहा. डोके स्थिर ठेवून अंक भराभर डावीकडे-उजवीकडे हलवा. अक्षरे पुसट होतील. आता अंक स्थिर धरा आणि 'नाही, नाही' म्हणतो तशी मान हलवा; मानेचे दुखणे असेल तर अगदी हलकेच. अक्षरे वाचता येतात! अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे फिरणे ओळखतात आणि डोळे तितकेच उलट दिशेने वळवले जातात. याचे महत्त्व ते यंत्र बिघडल्यावर कळते. क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने घेतलेले काही जुने रुग्ण मला सांगत, "डॉक्टर, चालायला लागलो की दुकानांच्या पाट्या नाचतात." त्यांच्या कानातला हा स्थिरक औषधाने जायबंदी केलेला असे. घरातील वृद्ध 'चालताना सगळे हलते' असे म्हणाले, तर चष्म्याचा नंबर बदलण्याआधी कान तपासून घ्या.

आता पुन्हा लेण्यात येऊ. जुने छायाचित्रकार एक साधे गणित सांगतात: ५० मिलिमीटरची लेन्स हातात धरून वापरायची तर पडदा १/५० सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडा ठेवू नये, २०० ची असेल तर १/२०० पेक्षा. स्थिरकाची ताकद 'स्टॉप'मध्ये सांगतात आणि एक स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ. चार स्टॉपचा स्थिरक असेल तर १/५० वरून १/२५, मग १/१२, १/६ आणि १/३ सेकंदापर्यंत जाता येते. म्हणजे १९७४ साली बाबांनी ज्या अंधाराशी झुंज दिली, त्याच्या जवळपास. माझ्या डोक्यात हे गणित पक्के होते. कॅमेरा त्यांच्या हाती दिला, लेन्सवरचे बटण चालू आहे ना ते पाहिले आणि निश्चिंत होऊन बाजूला उभी राहिले.

पहिली सहा चित्रे वाया गेली. पद्मपाणी पुन्हा डोलला.

माझे गणित दोन ठिकाणी चुकले होते. पहिले वैद्यकीय, आणि त्याची मला लाज वाटते. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या फवाऱ्याने हातांचा कंप काही काळ वाढतो, हे मी रुग्णांना रोज सांगते. तो फवारा घेऊन दहा मिनिटेही झाली नव्हती. कंप वाढतो म्हणून फवारा टाळायचा नाही, श्वास आधी. पण छायाचित्र थांबू शकत होते. दुसरी चूक यंत्राबद्दलची. खोक्यावर छापलेले चार-पाच स्टॉप हे कॅमेरा हलत्या यंत्रावर बसवून, साधारण माणसाच्या हाताइतके हेलकावे देऊन मोजलेले असतात. त्या तरंगत्या भिंगाला सरकायला जागा थोडीच असते. हाताचा झोल त्या जागेच्या बाहेर गेला की भिंग कडेला जाऊन थांबते आणि उरलेला कंप चित्रात उतरतो. ज्याचे हात मुळात स्थिर आहेत त्याला हा स्थिरक उदारपणे मदत करतो. ज्याला खरी गरज आहे, त्याच्यापाशी येऊन तो हात आखडता घेतो.

त्या क्षणी मी जे केले ते शुश्रूषा करणारे आपण सगळेच करतो. हात पुढे केला आणि म्हणाले, "द्या बाबा, मी काढून देते." ते काही बोलले नाहीत. त्यांनी कॅमेरा छातीशी धरला आणि लेण्याबाहेर चालू लागले.

ओसरीत बसून त्यांनी पाणी प्यायले. मग म्हणाले, "तू काढलेला पद्मपाणी मला पुस्तकातही मिळेल." जेवण भरवण्यापासून बटणे लावण्यापर्यंत किती गोष्टी आपण प्रेमाने वृद्धांच्या हातून काढून घेतो, याचा हिशेब मी त्या ओसरीत बसून करीत होते.

आम्ही इतर लेणी पाहायला गेलो. सोळा आणि सतरा या लेण्यांतील चित्रे बाबांनी कॅमेरा झाकूनच पाहिली. सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची निद्रिस्त मूर्ती दगडाची, सात मीटर लांबीची. तेथे बाहेरचा उजेड थोडा बरा होता आणि त्यांनी दोन चित्रे घेतली. ती चांगली आली. एका चित्रात मूर्ती निश्चल होती आणि समोरून गेलेली शाळकरी मुलगी म्हणजे नुसता निळा-पांढरा फराटा. स्थिरकाची ही दुसरी मर्यादा. तो आपला हात सावरतो, समोरचे हलणारे माणूस नव्हे. घरात धावणाऱ्या नातवंडांची चित्रे अस्पष्ट येतात म्हणून आजोबांनी आपल्या हातांना दोष देऊ नये. तेथे उजेड वाढवावा लागतो, नाहीतर पडदा चटकन मिटवावा लागतो. पण भिंतीवरचा बोधिसत्त्व कोठेही जाणार नव्हता. अजिंठा या यंत्राला मानवते ते यासाठीच.

परत पहिल्या लेण्यापाशी आलो तेव्हा फवारा घेऊन चार तास होऊन गेले होते. दुपारचे खाणे झाले होते, चहा मुद्दामच घेतला नव्हता. वाटेत बाबा मला जुनी गोष्ट सांगत होते. दुकानांच्या पाट्या रंगवणारे रंगारी एका हातात बारीक काठी धरतात, तिचे टोक फळ्यावर टेकवतात आणि तिच्यावर मनगट ठेवून दुसऱ्या हाताने रेघ ओढतात. "हात कोणाचाच स्थिर नसतो गं. टेकू असतो." येथे भिंतीला किंवा खांबाला टेकणे शक्य नव्हते; रंग सगळीकडे आहेत, आणि पहारेकऱ्याचे लक्षही असते. कॅमेऱ्याचा पट्टा मानेभोवती ताणून धरून पाहिला. कोपरे बरगड्यांशी आवळून पाहिली. थोडा फरक पडला. माणसाने खाली मांडी घालून गुडघ्यांवर कोपरे टेकवली तर उत्तम, पण बाबांचे गुडघे तसे करू देत नाहीत.

मग ते म्हणाले, "तू पुढे उभी राहा. माझ्याकडे पाठ कर."

मी त्यांच्या पुढ्यात उभी राहिले. त्यांनी माझ्या उजव्या खांद्यावर कॅमेरा टेकवला. पहिल्यांदा मला तो कंप अंगावर जाणवला. किती वर्षे मी असले हात तपासत आले आहे. कागदावर नागमोडी वर्तुळे काढून घेते, केसपेपरवर दोन शब्द लिहिते. तो कंप खांद्याच्या हाडापर्यंत पोचतो हे मला ठाऊक नव्हते. हळूहळू तो कमी झाला. माझा खांदा त्यांच्या हाताचा मोठा झोल अडवीत होता आणि उरलेली बारीक थरथर आता त्या तरंगत्या भिंगाच्या आवाक्यात आली होती. "श्वास सोड आणि थांब," ते माझ्या कानाशी म्हणाले. त्यांनी बटण अर्धे दाबले. ही सवय सर्वांनीच लावून घ्यावी: बटण अर्धे दाबल्यावर स्थिरक जागा होतो, त्याला प्रतिमा सावरायला एखादा सेकंद लागतो, आणि मगच बटण पूर्ण दाबायचे, ठोसा न मारता, हलकेच. एकामागून एक तीन-चार चित्रे घ्यावी. पहिल्यात बोटाचा धक्का असतो, मधले एखादे बरे निघते.

मी श्वास रोखून पद्मपाणीकडे पाहत होते. लहानपणापासून कितीदा येथे आले असेन. बाबांच्या सहलींत शेवटच्या बाकावरची मी फुकटची प्रवासी असे. इतका वेळ, हलायचे नाही या अटीवर, त्या चेहऱ्याकडे मी कधीच पाहिले नव्हते. कानाशी पडद्याचा आवाज होत राहिला. मागे थांबलेल्या एका कुटुंबाने घाई केली नाही, याबद्दल त्यांची मी ऋणी आहे.

अकरा चित्रांपैकी एक साधले. साधले म्हणजे चेहरा आणि भुवई स्पष्ट आहे, मुकुटाची कड किंचित मऊ आहे. घरी मोठ्या पडद्यावर पाहिले असते तर छायाचित्रणाचा एखादा परीक्षक त्याला बाद करता. बाबा बसमध्ये बसल्यापासून ते चित्र बोटांनी मोठे करून पाहत होते. तेही त्यांना जमेना, बोटे पडद्यावर सरकत, म्हणून मी फक्त त्यांचे मनगट खालून धरले. बोटे त्यांचीच.

"ही रेघ बघ," ते म्हणाले. भुवईची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटलेली रेघ. "मधे कुठेही ब्रश उचललेला नाही."

तिठ्यावर उतरल्यावर चहा घेतला. टपरीवाल्याने विचारण्याआधीच मी म्हणाले, "एक पूर्ण, मोठ्या ग्लासात, आणि दुसरा रिकामा ग्लासही द्या." अर्धा-अर्धा ओतून घेतला की सांडत नाही. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिले, ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि पहिला घोट घेतल्यावर म्हणाले, "कॅमेरा बंद केलास का? तो स्थिरक बॅटरी खातो."